शंकूची सावली

‘प्रकल्प’ हा शब्द अलीकडे शाळांतून फार झिजला आहे. बाजारातून थर्माकोलचा तक्ता आणावा, त्यावर रंगीत कागद चिकटवावेत, वडीलधाऱ्यांनी रात्री जागून ते काम पुरे करावे आणि सकाळी मुलाने ते आपल्या नावाने शिक्षकांपुढे ठेवावे, असा परिपाठच पडून गेला आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दप्तराविना दहा दिवसांची सूचना आहे. परंतु मुलाच्या हाताला खरोखर माती लागते की नाही, हे शेवटी त्या त्या शाळेच्या अंगणातच ठरावयाचे. माझ्या हाताला ती एकदा लागली, आणि त्या एका वर्षाने मला जे दिले ते पुढे महाविद्यालयातील जाडजूड ग्रंथांनीही दिलेले नाही.

आमचे घर उज्जयिनीच्या दक्षिणेस, इंदूरच्या वाटेवरील नानाखेडा येथे. बसस्थानकामुळे हे नाव प्रवाशांच्या तोंडी असते. शहरात मराठी माणसांची वस्ती शिंद्यांच्या अमदानीपासूनची. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धारही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनीच केला. अशा घरांत पंचांग ही रोजची वस्तू असते. तथापि त्या पंचांगातील आकडे आकाशातून उतरलेले असतात, याचा विचार मी पंधरा वर्षांची होईपर्यंत कधी केला नव्हता.

मी नववीत असताना आमच्या विज्ञानाच्या शिक्षिकांनी एक विलक्षण साधे काम दिले. अंगणात एक मीटर उंचीचा खांब उभा करावयाचा व वर्षभर त्याची सावली मोजावयाची. एवढेच. बक्षीस नाही, प्रदर्शन नाही. वर्गातील हुशार मुले हिरमुसली; मीही त्यांपैकीच एक होते.

खांब उभा करणे हे पहिल्याच दिवशी आमच्या पुस्तकी विद्येची परीक्षा पाहणारे ठरले. ‘लंब’ या शब्दाची व्याख्या आम्हा सर्वांना मुखोद्गत होती. खांब मात्र कोणाच्याच हाताने लंब होईना. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्याचे वडील गवंडी होते. दुसऱ्या दिवशी तो घरून ओळंबा व पाणसळ घेऊन आला आणि खांबाच्या दोन बाजूंनी ओळंबा धरून त्याने अर्ध्या तासात तो सरळ केला. मग पाणसळ ठेवून भोवतालची जमीन सपाट करण्यास त्याने आम्हांलाच लावले. ‘‘जमीन तिरकी असेल तर सावली खोटी बोलेल,’’ असे तो आपल्या माळवी बोलीत म्हणाला. जो मुलगा गुणपत्रिकेत नेहमी शेवटी असे, तो त्या दिवसापासून आमचा गुरू झाला. इतक्या जवळ बसणाऱ्या माणसाचे मोल कळण्यास मला एक ओळंबा लागला!

नंतर दिशा निश्चित करावयाच्या होत्या. होकायंत्र वापरण्यास मनाई होती. खांबाच्या बुडाशी दोरी बांधून एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. ऑक्टोबरचा मध्य होता. सकाळी दहाच्या सुमारास सावलीचे टोक वर्तुळाला शिवून आत आले, तेथे खूण केली; दुपारी अडीचच्या आत ते पुन्हा वर्तुळाबाहेर पडले, तेथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे, सूर्यसिद्धान्तातही आहे; यज्ञवेदी आणि देवालये यांची प्राची अशीच साधली जाई. आपल्या देवळाचे मुख पूर्वेस आहे असे आपण सहज म्हणतो, वाचकहो. पण ती पूर्व प्रथम कोणीतरी उन्हात उभे राहून शोधलेली असते.

मग शिक्षिका आम्हांला वेधशाळेत घेऊन गेल्या. सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा व उज्जयिनी येथे ज्या पाच वेधशाळा उभारल्या, त्यांतील ही एक. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला व गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. मी ती लहानपणी पाहिली होती, म्हणजे तिच्या पायऱ्यांवर धावले होते. आता सम्राट यंत्राची कललेली भिंत पाहताच लक्षात आले की ती उज्जयिनीच्या अक्षांशाइतकी, सुमारे २३ अंश ११ कला, चढलेली आहे, आणि आमचा वेडाबागडा खांब हा तिचाच धाकटा भाऊ आहे. वेधशाळेतही शंकुयंत्र आहेच.

सर्वांत मोठे आश्चर्य घड्याळाने दिले. सावली सर्वांत आखूड होते तो खरा मध्यान्ह. तो बारा वाजता येईचना! नोव्हेंबरच्या आरंभी तो १२ वाजून ११ मिनिटांनी आला, फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४१ मिनिटांनी. कारण पुढे उलगडले. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची; उज्जयिनी ७५ अंश ४६ कलांवर. दर अंशास चार मिनिटे, म्हणून आमचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे. त्यात पृथ्वीच्या दीर्घवर्तुळाकार कक्षेमुळे व अक्षाच्या तिरकेपणामुळे आणखी मागेपुढे होते. ज्या नगरीच्या मध्यरेषेवरून प्राचीन ज्योतिषी साऱ्या देशाचा काळ मोजीत, तिलाच आज वेळ दुसरीकडून उसनी घ्यावी लागते, ही गंमत मला अजूनही वाटते.

आणि चैत्र आला. आमच्याकडे रामजन्माचा उत्सव आजोबा करीत. आसपासची दहा-बारा मराठी घरे जमत. पाळण्याची दोरी ठीक बाराच्या ठोक्याला ओढावयाची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. माझ्या वहीप्रमाणे त्या दिवशी सूर्य माथ्यावर यावयास साडेबारा वाजणार होते. चार दिवस मी गप्प होते. आजोबांना आकडे दाखवावेत तर उद्धटपणा, न दाखवावेत तर पाच महिन्यांचे ऊन व्यर्थ. शेवटी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

‘‘आजोबा, रामाचा जन्म घड्याळाच्या बाराला की सूर्याच्या?’’

त्यांनी वही सावकाश, पान उलटून उलटून पाहिली. मग म्हणाले, ‘‘बाळ, मध्यान्ह हा क्षण नव्हे, काळ आहे. दिवसाचे पाच भाग करतात, त्यांतला तिसरा तो मध्यान्ह. तुझे साडेबारा त्यात बसतात, माझे बाराही बसतात. पण तू हे स्वतः मोजलेस का?’’

‘‘हो.’’

‘‘मग यंदा तुझ्या सावलीने करू.’’

त्या वर्षी पाळणा साडेबाराला हलला. उपाशी मंडळींपैकी काहींनी नाके मुरडली; सुंठवडा हाती पडल्यावर ती सरळ झाली. माझा आनंद मात्र जिंकल्याचा नव्हता. माझ्या आकड्याचे उत्तर आजोबांजवळ माझ्या आधीपासून होते, आणि तरीही त्यांनी तो आकडा मान्य केला, याने मी आतून हलले होते. त्यानंतर वडील माणसांना प्रश्न विचारण्याची माझी भीती गेली, आणि प्रश्न विचारताना आवाज चढवण्याची सवयही.

२२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली १०६ सेंटिमीटर, खांबाहून थोडी लांब, विषुवदिनी ४३. आता उरली होती ती शून्य सावली. उज्जयिनी कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने सूर्य जूनमध्ये दोनदा बरोबर माथ्यावर येतो: १३ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा महिन्याच्या अखेरीस. मधल्या दिवसांत तो उत्तरेकडे झुकतो व सावली दक्षिणेस पडते. पण एक मीटरच्या खांबास ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे, त्यामुळे सावलीची कड त्याहून अधिक पुसट. तेवढे पाहण्यास जयसिंहाच्या भिंतीच हव्यात.

शाळेस सुटी होती, म्हणून दुसरा खांब घराच्या गच्चीवर उभारला. ओळंबा धरावयास तो गवंड्याचा मुलगा सायकलवरून आला. पावसाचे ढग नैर्ऋत्येस जमू लागले होते. आजोबा छत्री घेऊन जिना चढून वर आले, गुडघे धरून. १२ वाजून २० मिनिटांनी सावली बोटभर होती, पंचवीसला नखाएवढी. सत्तावीसला खांबाच्या बुडाशी काहीच राहिले नाही. आजोबांनी छत्री मिटली व स्वतःच्या पावलांकडे पाहत तसेच उन्हात उभे राहिले.