घोड्याच्या रक्तातला उतारा

चिंचोळी एमआयडीसीत औषध बनतं ते रिॲक्टरच्या पोटात. सोलापूर-पुणे महामार्गानं रात्री जाताना कारखान्यांच्या दिव्यांआधी त्यांचा वास येतो. तापमान, दाब, आम्ल-अल्कलीचा हिशेब जमला की ड्रायरमधून पावडर बाहेर पडते. पण कुंपणापलीकडच्या उसात, शाळूच्या रानात घोणस आणि फुरसं वावरतात. त्यांच्या विषावरचा उतारा अजून तरी घोड्याच्याच अंगात तयार होतो.

याचं नवल मला अजून सरलेलं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला आधी अगदी थोडं टोचतात, मग मात्रा वाढवत नेतात. घोड्याचं शरीर विष ओळखतं, त्याच्याशी झुंजणारी प्रतिपिंडं घडवतं. मानेच्या शिरेतून रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात. त्यातली प्रतिपिंडं पेप्सिननं तोडून, शुद्ध करून, गोठवून वाळवली की कुपीच्या तळाशी पांढरी भुकटी उरते. दहा मिलिलिटर पाणी घालून सिस्टर ती कुपी तळहातांत हळूहळू फिरवते. जोरात हलवली तर फेस येतो. बाहेर नातेवाईक ताटकळलेले असतात आणि भुकटी आपल्या वेळेनंच विरघळते. शिवाय एका कुपीनं भागत नाही, सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते.

वैद्यकाचं पहिलं नोबेल 1901 साली बेरिंगला मिळालं, ते अशाच रक्तजलाच्या उपचारासाठी. सापाच्या विषावरचा हा उतारा बनवणाऱ्या संस्थांत महाराष्ट्रात हाफकिन आहे, नारायणगावची प्रीमियम सीरम्स आहे. नागपंचमीसाठी नावाजलेल्या बत्तीस शिराळ्यातही हे औषध बनतं.

एक गोष्ट मात्र सलते. देशभरातल्या या औषधासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष मुलूख बदलला की बदलतं, त्यामुळे तिकडच्या विषावर घडलेला उतारा इकडे उणा पडू शकतो. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावतात, असा अंदाज आहे. आपल्या मातीतल्या सापांचं विष गोळा करून आपल्या घोड्यांना देण्याची सोय सरकारनं करायलाच हवी. आणि जो आपल्यासाठी विष सोसतो, त्या घोड्याच्या तब्येतीची चोख देखभालही.

तोवर एवढं करा. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. चावलेला हात-पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.