ओंदेलगा, खाजकुइली आणि औषधांची यादी

बाबांना उद्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचंय. चालू औषधांची यादी केली. तीन गोळ्या. संपली.

•

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या बाजारात ओंदेलग्याच्या जुड्या. कन्नडात अर्थ 'एक पान'. शेजारच्या आजी खोबरं, जिरं नि ताक घालून तंबुळी करतात. "बुद्धीला चांगली." आमच्याकडे हीच ब्राह्मी.

•

की नाही? हे गोल पान म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला. दुसरी ती पाणथळीतली, इवल्या मांसल पानांची नीरब्राह्मी, बाकोपा. कुळं वेगळी, रसायनं वेगळी. 'ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते' असं वाचलं की आधी विचारावं: कोणत्या?

•

निम्हान्स रुग्णालयाच्या मेंदू संग्रहालयात खरा मेंदू हातात घेता येतो. बाबांच्या आजारात, पार्किन्सनमध्ये, मेंदूच्या देठातली एक काळपट पट्टी फिकी पडते. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तिथेच मरत असतात.

•

खाजकुइली. लहानपणी शेंगेला हात लावून रडलोय. तिच्याच बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये एल-डोपा वेगळं काढलं. बाबांच्या गोळीत तेच आहे. त्याने आखडलेला हात सुटतो; पण मरणारी पेशी वाचते असं सिद्ध झालेलं नाही. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच ओळीत बसतात.

•

2012. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांचा अश्वगंधेवरचा शोधनिबंध. अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना मुळांचा अर्क तोंडावाटे 30 दिवस दिला. वागणूक सुधारली, मेंदूतला अमायलॉइडचा साठा उतरला. गंमत पुढेच आहे: काम झालं यकृतात. तिथे एलआरपी नावाचं प्रथिन वाढलं नि त्याने रक्तातला अमायलॉइड ओढून घेतला. मोरी तुंबलेली वरच्या मजल्यावर, मोकळी केली खालून.

हे उंदरांत. माणसाचा अल्झायमर त्याने बरा होतो, असं यातून निघत नाही.

•

त्याच यकृताला अश्वगंधेच्या गोळ्यांनी इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. थोड्याच, पण आहेत. डेन्मार्कने तर 2023 मध्ये, वेगळ्या कारणांसाठी, तिच्यावर बंदीच घातली.

•

आजींची तंबुळी हे जेवण. अर्क म्हणजे मुठीमुठीने पाला आटवून एका गोळीत कोंबलेला. त्याला मात्रा हवी.

•

रात्री बाबांचा खण उघडला. अश्वगंधा, अर्धी बाटली संपलेली. कवचबीज चूर्ण, म्हणजे खाजकुइलीच. वरून आणखी एल-डोपा. "ते काय औषध आहे? झाडपाला तो."

यादीत चार आणि पाच लिहिलं.