शेल्बी स्ट्रीटचा पूल

नॅशव्हिलला लेकीकडे गेले की संध्याकाळी माझे पाय आपसूक त्या पुलाकडे वळतात. ब्रॉडवेवरच्या गाण्यांचा कल्ला इथवर येतो, पण कंबरलँड नदीवरून येताना त्याची धार बोथट होते. लोखंडी कमानींवर रंगाचे इतके थर चढलेत, की रिव्हेटच्या गोल टोप्या बोटाला गुळगुळीत लागतात.

पूल १९०९चा, शेल्बी स्ट्रीटचा. जीर्ण झाला म्हणून १९९८ मध्ये वाहनांना बंद केला. २००३ पासून तो पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. एप्रिल २०१४ मध्ये त्याला जॉन सीगनथॉलर यांचं नाव दिलं. लेक अजून नुसतं ‘पेडेस्ट्रियन ब्रिज’च म्हणते. मीही पुण्यात संभाजी पुलाला लकडी पूल म्हणतच मोठी झाले, तिला काय बोलणार? पण हे नाव मला पूर्ण घ्यावंसं वाटतं, कारण ते बाहेरून आणून लावलेलं नाही.

१९५४ च्या ऑक्टोबरात ‘द टेनेसियन’चा सत्तावीस वर्षांचा बातमीदार इथे बातमीसाठी आला. एक माणूस जीव द्यायला कठड्याबाहेर गेला होता. बातमीदाराने बघावं आणि लिहावं. सीगनथॉलर त्याच्यापाशी गेले, बोलत राहिले, आणि तो झोकून देणार तेवढ्यात त्याची कॉलर धरली.

मे १९६१ मध्ये ते रॉबर्ट केनेडींचे सहायक होते. काळ्या-गोऱ्यांनी बसमधून एकत्र प्रवास करावा म्हणून निघालेल्या फ्रीडम रायडर्सवर माँटगोमेरीत जमाव तुटून पडला. त्यातली कितीतरी पोरं नॅशव्हिलचीच विद्यार्थी. एका मुलीला वाचवायला सीगनथॉलर धावले, तेव्हा त्यांच्या डोक्यात पाइप बसला. ते तिथेच बेशुद्ध पडले. पुढे ते ‘टेनेसियन’चे संपादक झाले, मोठे झाले, पण मला ते आठवतात ते थांबणारा माणूस म्हणून. पुलाला नाव मिळालं आणि त्याच वर्षी ११ जुलैला ते गेले.

परवा कठड्याशी एक मुलगा बराच वेळ एकटाच उभा होता. मी पुढे गेले, परत फिरले, पुन्हा पुढे गेले. शेवटी जवळ जाऊन म्हटलं, वारा छान आहे आज. तो म्हणाला, हो. खालून एक बार्ज चाललं होतं. ते वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो.