आमिषाची बादली

मासा गळाला लागण्याआधी आमिष हाताला लागावे लागते. नदीकाठच्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. कुणी ओली माती उकरून गांडुळे काढतो, कुणी उथळ पाण्यात फडके धरून बारीक कोळंबी गोळा करतो. मासा मिळो न मिळो, आमिष गोळा करण्यातच अर्धा दिवस मजेत जातो. अमेरिकेतल्या ओढ्यांकाठी हाच खेळ क्रेफिशसाठी चालतो.

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, कवचाचा प्राणी. अंगाने शेवंडीसारखा आणि नांग्या मात्र खेकड्यासारख्या. आपल्या देशातल्या नद्यांत तो मूळचा नाही, त्यामुळे मराठीत त्याला नावही नाही. अमेरिकेत मात्र त्याच्या शेकडो जाती आहेत आणि तिथल्या ‘बास’ माशाचा तो आवडता घास आहे. साहजिकच गळ टाकणाऱ्यांचे पहिले लक्ष त्याच्यावर असते.

कोकणातून लेकाकडे मिनेसोटा राज्यात राहायला गेलेल्या एका आजोबांना ही गंमत नातवाने दाखवली. आजोबांचे बालपण पावसाळी रात्री बत्ती घेऊन ओहोळात कुर्ल्या पकडण्यात गेलेले. त्यामुळे परदेशात आल्यापासून प्रथमच त्यांना वाटले, की हे काम आपल्याला येते. धोतर नेसायचे तेव्हा कासोटा मारत, तशा उत्साहाने त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घराजवळच्या ओढ्यात पाय घातला.

पण पहिले दोन-तीन क्रेफिश त्यांच्या हातून निसटले. खेकडा तिरका पळतो. क्रेफिश शेपटीचा एक फटका मारून बाणासारखा उलटा, मागे जातो. दहा वर्षांचा नातू हसून म्हणाला, “आजोबा, जाळी त्याच्या मागे धरा आणि हात पुढून न्या. तो स्वतःच जाळीत जाईल!”

मग आजोबांना सूर सापडला. दगड हळूच, आपल्या बाजूला उचलायचा. गढूळ पाणी वाहून जाईपर्यंत थांबायचे. छोटी जाळी शेपटीमागे टेकवायची आणि समोरून बोट दाखवायचे. हाताने धरायचा असेल, तर नांग्यांच्या मागे, पाठीच्या कवचावर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा. तिथे त्याच्या नांग्या पोचत नाहीत. कुर्लीच्या बाबतीतही नियम तोच, हे नातवाला सांगताना आजोबांचा चेहरा खुलला. तासाभरात डझनभर क्रेफिश जमले. नातू बादली पाण्याने भरू लागला, तेव्हा आजोबांनी त्याला थांबवले. साठलेल्या खोल पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि प्राणी गुदमरतो. त्यापेक्षा तळाला ओला पाला घालून बादली सावलीत ठेवली, की तो कितीतरी वेळ तग धरतो. कुर्ल्यांनी दिलेले हे ज्ञान सातासमुद्रापारही उपयोगी पडले.

दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब उत्तरेकडच्या एका मोठ्या तळ्यावर जाणार होते. आजोबांचा बेत ठरलेला होता. ही बादली गाडीत ठेवायची, लागतील तेवढे क्रेफिश गळाला लावायचे आणि संध्याकाळी उरतील ते तळ्यात सोडून द्यायचे. “बिचाऱ्यांचा जीव तरी वाचेल. मुक्या जिवाला सोडले, की पुण्य लागते बाळा,” त्यांनी नातवाला समजावले.

संध्याकाळी ओढ्यावर आलेला मुलगा हे ऐकून जरा अवघडला. “बाबा, ही बादली तिकडे नाही नेता येणार. इथला नियमच आहे. क्रेफिश ज्या पाण्यात पकडला, त्याच पाण्यात तो जिवंत आमिष म्हणून वापरायचा.”

“अरे, डझनभर जिवांचा कसला नियम? आणि आपण काय ते मारणार आहोत? सोडूनच देणार आहोत ना?”

“तेच तर नको आहे, बाबा.”

आजोबा दुखावले. जन्मभर मुलाला भूतदया शिकवली आणि आज तोच म्हणतो, की सोडू नका. पण मुलगा ओढ्याकाठीच बसला आणि त्याने सारी हकीकत सांगितली.

क्रेफिशची एक जात आहे, ‘रस्टी’ नावाची. पाठीच्या दोन्ही बाजूंना गंजासारखे तांबूस डाग, म्हणून हे नाव. तिचे मूळ घर ओहायो नदीच्या खोऱ्यात. तिथे तिचा कुणाला त्रास नव्हता. पण 1960च्या सुमारास ती उत्तरेच्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा राज्यांतल्या पाण्यात दिसू लागली. तिथे ती स्वतःच्या पायांनी चालत आलेली नव्हती. सुट्टीत मासेमारीला येणाऱ्यांच्या आमिषाच्या बादल्यांतून ती आली, असे तज्ज्ञ मानतात. दिवस संपला, की उरलेले आमिष लोक पाण्यात ओतत. कुणी कंटाळ्याने, कुणी दयेने.

नव्या पाण्यात या पाहुण्याने घर बळकावले. तो स्थानिक क्रेफिशपेक्षा भांडखोर आणि अधिक खादाड. मासा अंगावर आला, की स्थानिक क्रेफिश पळू पाहतो आणि गिळला जातो. रस्टी नांग्या उगारून उभा राहतो आणि मासाच माघार घेतो. पाण्याखालच्या वनस्पती तो कापून टाकतो. माशांची पिल्ले ज्या झाडोऱ्यात लपून वाढतात, तोच नाहीसा होतो. ज्या माशांसाठी आमिष आणले, त्या माशांचाच पाळणा आमिषाने मोडला.

विस्कॉन्सिनमधल्या ट्राउट लेक या तळ्यात रस्टी 1979 मध्ये आढळला. संशोधकांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. तळ्याच्या सगळ्या काठांवर पसरायला त्याला 19 वर्षे लागली, म्हणजे वर्षाला सरासरी पाऊण किलोमीटरही नाही. पण बादलीत बसला, की तोच प्राणी एका दिवसात शेकडो किलोमीटर जातो. शिवाय मादी नराचे बीज शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकटी मादी नव्या तळ्यात पडली, तरी तिच्यापासून नवी वसाहत उभी राहू शकते. डझनाचीसुद्धा गरज नाही.

आणि एकदा बस्तान बसले, की ते उठवणे किती कठीण! त्याच भागातल्या स्पार्कलिंग लेकमध्ये 2001 पासून आठ उन्हाळे सापळे लावून सुमारे 90 हजार रस्टी बाहेर काढले. त्यांना खाणाऱ्या माशांच्या शिकारीवरही बंधने घातली. तेव्हा कुठे त्यांची संख्या आटोक्यात आली. या अनुभवांतूनच वेगवेगळ्या राज्यांनी नियम केले. पेनसिल्व्हेनियात तर 2015 पासून, क्रेफिश पकडला त्या पाण्याबाहेर न्यायचा असेल, तर त्याचे डोके आधी काढावे लागते.

आजोबा बराच वेळ बादलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे सोडण्याआधी त्याचे गाव विचारायला हवे.”

नातवाला ते वाक्य फार आवडले. त्या संध्याकाळी तिघांनी त्याच ओढ्यात गळ टाकले. दोन क्रेफिश आमिषाला गेले, मासा एकच मिळाला. उरलेले दहा आजोबांनी एकेक करून ज्या दगडांखालून काढले होते, तिथेच सोडले. दुसऱ्या दिवशी तळ्यावर रिकामी, कोरडी बादली गेली.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्याकडे ‘चिलापी’ म्हणून बाजारात मिळणारा तिलापिया आफ्रिकेचा. 1952 मध्ये त्याला भारतात आणले, ते लोकांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून. हेतू चांगलाच होता. पण आज कितीतरी जलाशयांत तो इतका माजला आहे, की स्थानिक माशांना जागा उरलेली नाही. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर देशात बंदी आहे, कारण तो इतर मासे फस्त करतो. घरातल्या काचपेटीत शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. तो बघता बघता मोठा होतो, पेटीत मावेनासा होतो आणि मग घरातलेच कुणी म्हणते, “मारायला नको, नदीत सोडून या.” मुलांचे डोळे पाणावतात, पिशवी नदीत रिकामी होते आणि सगळ्यांना हलके वाटते. नदीला काय वाटते, ते कळायला वर्षे जातात.

अशा वेळी मासा दुकानदाराला परत देता येतो किंवा मोठी पेटी असलेल्या कुणाला देता येतो. मुळात आणण्यापूर्वीच तो किती वाढतो, हे विचारता येते. मुलांना प्राण्यांवर माया करायला शिकवावेच. त्याबरोबर हेही सांगावे, की प्रत्येक जिवाला त्याचे पाणी असते. त्या पाण्यात तो कुणाचा तरी घास असतो आणि कुणीतरी त्याचा. परक्या पाण्यात सोडलेल्या एकाचा जीव वाचतो खरा, पण त्याची किंमत तिथल्या हजारोंना मोजावी लागते.