मशीन कुणाला सांगत नाही ना?

"मिश्री लावता का?"
"नाही बाई!"

मी लॅपटॉपवर 'नाही' टिक केलं. आमच्या मिनी प्रोजेक्टचं पहिलंवहिलं उत्तर! पण त्याच सकाळी मी वहिनींना परसात पाहिलं होतं, तळहातावर काळी पूड आणि दातांवर फिरणारं बोट. मग खोटं का? कारण शेजारी मामी बसल्या होत्या, म्हणजे वहिनींच्या सासूबाई. आणि वहिनींना पाचवा महिना.

वढू बुद्रुक म्हटलं की सगळ्यांना छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. मला सोबत आठवतो तो तव्यावर तंबाखू भाजताना लागणारा ठसका. दात दुखतो म्हणून बोटभर मिश्री लावायची आणि मग ती जन्माची चिकटायची. २००४ साली गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ बायकांचा अभ्यास छापला. गरोदरपणी मिश्री, तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली.

प्रोजेक्टची आयडिया मात्र अमेरिकेतली. डेट्रॉइटच्या ऑंडर्स्मा यांनी नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना नशेबद्दलचे प्रश्न कॉम्प्युटरकरवी विचारले. स्क्रीनवर चक्क एक पोपट बोलायचा! ना रागावणार, ना भुवया उंचावणार. म्हटलं, आपणही असंच करू, शिवाय लैंगिक आजारांचे प्रश्न घालू. पण पहिल्याच दिवशी पोपट झाला तो माझा!

कारण दुसरा घोळ भाषेचा. मी पडले कॉन्व्हेंटची. डिक्शनरी घेऊन लिहिलं, 'आपणांस योनिमार्गातून असामान्य स्राव होतो काय?' आशाताई तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं, बायकांना वाटेल परीक्षाच आहे! अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाज येते का, एवढं विचार की." मग सगळे प्रश्न त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केले. गरमी, म्हणजे सिफिलिस, कित्येकदा काहीच त्रास न देता अंगात असते, म्हणून गरोदरपणी तिची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करतात. गरमीवर पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर बाळ वाचतं. पण नवऱ्यानेही उपचार घ्यायला हवेत, नाहीतर पुन्हा तेच. आता हे सासूसमोर कोण बोलणार?

दुसऱ्या वेळी मामी रानात गेल्या होत्या. वहिनींना आतल्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन दिला, दार लोटलं. वीस मिनिटांनी बाहेर आल्या त्या मोकळ्या चेहऱ्याने. "ताई, तुमचं मशीन ओरडत नाही. मिश्री लावल्याशिवाय मला सकाळी परसाकडंच होत नाही, हे डॉक्टरांना कसं सांगू?"

मी हवेत! रात्री फाइल उघडली. मिश्री : हो, दिवसातून चारदा. सोडायची आहे? हो. आणि त्याखाली नवऱ्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर... माझ्या सख्ख्या मामेभावाबद्दलचं.

ते मी वाचायला नको होतं.

मामींना मी खोलीबाहेर काढलं, पण स्वतः फाइलमध्ये बसूनच राहिले होते की! २००५ साली पोतदार आणि कोनिग यांनी पुण्यातल्या तरुणांवर असाच हेडफोनचा प्रयोग छापला होता. कॉलेजातली मुलं कॉम्प्युटरला जास्त मोकळेपणाने सांगून गेली, वस्तीतल्या मुलांबाबत तसं सरसकट घडलं नाही. तेव्हा मला नवल वाटलं होतं. आता वाटतं, मशीनमागे कोण आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

सकाळी वहिनींना म्हटलं, "मी वाचलं. चुकलं माझं." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मिश्रीचं तुम्ही आशाताईंना सांगा. बाकीचं तपासणीला गेले की मीच बोलेन." आणि त्या बोलल्याही.

आता आमचा प्रोग्राम काहीच साठवत नाही. प्रश्न संपले की सल्ला ऐकवतो, कुठे तपासायचं ते सांगतो आणि सगळं पुसून टाकतो. "मग डेटा कुठाय?" म्हणून व्हायवात मार्क कापले गेले. असो!

(जाता जाता : नाती आणि तपशील मुद्दाम बदलले आहेत. ज्यांना 'वहिनी' म्हटलंय त्यांना लेख वाचून दाखवला, त्या 'छाप' म्हणाल्या, तेव्हाच दिला.)