म्हातारीनें शेळी कां विकली नाहीं?

कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितां शिकवितां माझीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष हे शब्द मीं फळ्यावर इतक्या वेळां लिहिले आहेत, कीं झोपेंतून उठवून कोणी विचारलें तरी त्यांच्या व्याख्या मी बिनचूक सांगेन. त्यामुळें गेल्या दिवाळीनंतर मी नामपूरला घरीं असतां तेथील एका प्राथमिक शाळेंतल्या बाईंनीं "सर, आमच्या तिसरीच्या मुलांचा एक तास घ्या ना, गोष्ट कशी वाचावी तें सांगा," अशी विनंति केली, तेव्हां तें काम मला अगदीं हातचा मळ वाटलें. शाळा उघडल्या होत्या. आमचें कॉलेज उघडण्यास अद्याप आठवडा होता. ज्यानें शेक्सपियर शिकविला, त्याला तिसरीची गोष्ट ती काय अवघड! मीं मोठ्या उदारपणानें होकार दिला.

नामपूर हें नाशिक जिल्ह्यांतील बागलाण तालुक्यांत मोसम नदीच्या कांठीं वसलेलें गांव. ही मोसम पुढें मालेगांवाकडे जाऊन गिरणेला मिळते. गांवाचें नांव बाहेर ऐकूं येतें तें बहुधा कांद्याच्या बाजारामुळें. माझें बालपण येथेंच गेलें. घरीं, गल्लींत आणि शेतांत आम्ही अहिराणी बोलत असूं. पुस्तकांतली मराठी ही शाळेच्या चार भिंतींच्या आंत बोलावयाची भाषा होती. शाळा सुटली, कीं दप्तराबरोबर तीहि खुंटीला टांगली जाई. पुढें शिक्षणासाठीं बाहेर पडलों, आणि मग खुंटीला टांगली गेली ती अहिराणीच.

तासासाठीं मीं स्वतःच एक लहानशी गोष्ट लिहून नेली. एक म्हातारी शेळी विकावयास बाजारीं निघाली. वाटेंत तिला एक गिऱ्हाईक भेटलें. त्यानें बरी किंमत सांगितली. म्हातारी म्हणाली, "पुढें पाहूं." दुसऱ्यानें त्याहून अधिक सांगितली; म्हातारी म्हणाली, "पुढें पाहूं." बाजारांत तिसऱ्यानें तर नोटा मोजून हातावर ठेविल्या. म्हातारीनें त्या परत केल्या, शेळीची दोरी सोडली आणि ती उन्हें कलतां कलतां घरीं आली. दारांत नातू उभा होता. एवढीच गोष्ट. म्हातारीनें शेळी कां विकली नाहीं, तें मीं मुद्दामच लिहिलें नव्हतें. नातवाचा शेळीवर जीव होता, हें मुलांनीं ओळखावें, अशी माझी योजना होती.

वर्ग लहानसाच होता. कांद्याच्या लागवडीचे दिवस असल्यामुळें पांच-सहा मुलें आईबापांबरोबर शेतावर गेलीं होतीं. भिंतीवर रंगीत कागदाचा एक तक्ता लावलेला होता व त्यांत पांच चौकटी होत्या : पात्रें, स्थळ, वेळ, अडचण, शेवट. मला तो पाहून मनांतल्या मनांत हसूं आलें. गोष्टीसारखी जिवंत वस्तु, आणि तिला हे पांच खोके! पण मीं कांहीं बोललों नाहीं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलानें गोष्ट वाचली. काय सुरेख वाचन तें! कोठें अडखळणें नाहीं, स्वल्पविराम-पूर्णविराम जागच्या जागीं, पाटाचें पाणी वाहावें तसें. मीं त्याची पाठ थोपटली. मग वाचनाची पाळी मागच्या बाकावरच्या एका मुलीवर आली. ती एकेक अक्षर बोटानें दाबून जणूं चांचपून पाहत होती. "म्हातारी" ह्या शब्दापाशीं ती इतका वेळ थांबली, कीं मला तिची दया आली व मीं "बस, बाळ," म्हणून पुढच्या मुलाकडे वळलों. त्या वेळीं मला ही माझी सहृदयता वाटली होती.

वाचन संपल्यावर मीं विचारलें, "म्हातारीनें शेळी कां विकली नाहीं?"

सुरेख वाचणाऱ्या मुलाचा हात तत्काळ वर झाला. त्यानें उभें राहून उत्तर दिलें, "म्हातारीनें नोटा परत केल्या." मीं म्हटलें, "हो, पण कां?" त्यानें पुस्तकी आवाजांत तेंच वाक्य पुन्हां म्हटलें. दुसरा म्हणाला, "ती म्हातारी होती म्हणून." तिसऱ्यानें शेळीचे उपयोग सांगण्यास सुरुवात केली. मीं प्रश्न फिरवून विचारला, सोपा करून विचारला, उत्तर जवळजवळ त्यांच्या तोंडांत घातलें. पण वर्ग गप्प झाला. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाला घाम फुटला म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां कोपऱ्यांत उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, अहिराणींत विचारून पाहा."

बाई मूळच्या सातारकडच्या. ही भाषा त्या येथें येऊन, मुलांकडूनच शिकल्या होत्या. आणि ज्याची ही मातृभाषा, तो मी तासभर त्या मुलांशीं छापील मराठींत बोलत होतों! थोडा ओशाळून मीं विचारलें, "म्हातारीनी शेळी का बरं इकी नही?"

वर्गांत एकदम खसखस पिकली. कॉलेजांतला प्राध्यापक आपल्यासारखें बोलतो ह्याची त्यांना गंमत वाटली असावी. आणि मग मागच्या बाकावरून, जिला मीं वाचूं दिलें नव्हतें ती मुलगी म्हणाली, "ती इकाले गईच नव्हती. तिले धाडेल व्हतं."

ती विकावयास गेलीच नव्हती. तिला पाठविलें होतें! मीं विचारलें, तुला कसें कळलें? ती म्हणाली, विकावयाचीच असती तर तिनें पहिल्याच गिऱ्हाइकाला किंमत वाढवून मागितली असती. ह्या म्हातारीनें एकदांहि भाव केला नाहीं. घरचीं माणसें रागावूं नयेत म्हणून ती बाजारापर्यंत जाऊन आली. आणि क्षणभर थांबून तिनें पुढें सांगितलें, "मनी माय बी अशीच करस."

ती गोष्ट मीं लिहिली होती. पण तिच्यांतली ही म्हातारी मला ठाऊक नव्हती. मुलीनें मजकुराबाहेरचें कांहींच सांगितलें नव्हतें. म्हातारीनें भाव केला नाहीं, हें माझ्याच वाक्यांत होतें. मला मात्र तें दिसलें नव्हतें.

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मला माझ्या आईची आठवण झाली. आईला अक्षरओळख नव्हती. माझे थोरले बंधु मुंबईला एका कापडगिरणींत कामाला होते. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वेळीं मी दहा-अकरा वर्षांचा होतों आणि वर्गांत वाचनांत माझा पहिला नंबर असे. बंधूंचें पत्र आलें, कीं तें मी शाळेंतून येईपर्यंत आई कोनाड्यांत जपून ठेवी. संप सुरू होऊन कांहीं महिने झाल्यावर एक पत्र आलें. मीं तें खणखणीत आवाजांत वाचून दाखविलें : सर्व खुशाल आहे, काळजी करूं नये, यंदा कांद्याला काय भाव मिळाला तें कळवावें. वाचून झाल्यावर शाबासकीच्या अपेक्षेनें मीं वर पाहिलें, तों आईच्या डोळ्यांत पाणी!

मीं गोंधळून म्हटलें, पत्रांत तर सर्व चांगलेंच लिहिलें आहे. आई म्हणाली, यानें आजवर कधीं कांद्याचा भाव विचारला नव्हता, "पोऱ्याले घर येनं शे." मुलाला घरीं परत यावयाचें आहे, आणि शेतावर आणखी एक तोंड पोसेल कीं नाहीं, हें तो विचारतो आहे. पुढें तसेंच झालें. त्या दिवशीं पत्र मीं उच्चारलें होतें. वाचलें तें आईनें.

इंग्रजी शिक्षणानें मला ज्या विद्वानांचीं नांवें दिलीं, त्यांतलीं दोन मला त्या रात्रीं आठवलीं. एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९१७ सालीं शाळेंतील मुलांच्या वाचनावर एक निबंध लिहिला. मुलांना लहान लहान उतारे देऊन त्यानें त्यांच्या चुकीच्या उत्तरांचा अभ्यास केला, आणि उतारा समजणें हें तर्क करण्यासारखेंच काम आहे, असा निष्कर्ष काढला. प्रत्येक शब्दाला योग्य तें वजन द्यावें लागतें, कांहीं बाजूला सारावे लागतात, कांहींची सांगड घालावी लागते. आमच्या त्या सुरेख वाचणाऱ्या मुलाजवळ सर्व शब्द होते; फक्त तराजू नव्हता. दुसरे केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट. त्यांनीं उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन ती आठवणीनें पुन्हां सांगावयास लावली. आपल्या जगांत न बसणाऱ्या गोष्टी वाचकांनीं गाळल्या किंवा बदलल्या. कथेंतल्या कनूची साधी होडी झाली. १९३२ च्या आपल्या ग्रंथांत बार्टलेट यांनीं दाखवून दिलें, कीं माणूस कोणतीहि गोष्ट आपल्या पूर्वानुभवाच्या सांच्यांतूनच समजून घेतो. शेळी, बाजार, घरची बोलणीं हा सांचा त्या मुलीजवळ तयार होता. आम्ही फक्त त्याच्या दाराशीं परक्या भाषेचा पहारेकरी बसविला होता.

अहिराणीला परकें मानण्याची आपली सवय मात्र जुनी आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणींत खानदेशी ही १९०७ च्या खंडांत भिल्ली भाषांबरोबर घातली गेली. शाळेंत तिला 'अशुद्ध मराठी' म्हणत. शिक्षणाचें माध्यम शक्यतों पांचवीपर्यंत घरची भाषा असावें, असें २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतें; तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचतां यावें, हें २०२१ मध्यें सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेचें उद्दिष्ट आहे. हेतु उत्तम आहेत. पण ते तडीस जावयाचे ते अशाच एखाद्या वर्गांत, आणि अशाच एखाद्या बाईंच्या हातून.

दुसऱ्या दिवशीं मी पुन्हां शाळेंत गेलों. बाईंच्या टेबलावर गिजुभाई बधेका यांचें 'दिवास्वप्न' होतें. त्यांतला शिक्षकहि वर्गांत मुलांना गोष्टी सांगूं लागतो. मीं बाईंना उत्साहानें म्हटलें, "तो तक्ता काढून टाका. कालच्या मुलीला कोणत्या चौकटीची गरज पडली?"

बाई हसल्या नाहींत. "सर, तिला नाहीं पडली, पण मला पडते," त्या म्हणाल्या. "गोष्ट कोणाची, कोठें घडली, अडचण काय, शेवटीं काय झालें, हें मी क्रमानें विचारते, तेव्हां कोणतें मूल कोठें अडलें हें मला समजतें. तुमचा तो हुशार मुलगा 'अडचण' ह्या चौकटीपाशीं रोज थांबतो. ती मुलगी चौकटी सगळ्या भरते. पण अक्षरापाशीं थांबते. दोघांचें दुखणें निराळें, म्हणून औषधहि निराळें."

आणि मग त्या म्हणाल्या, "काल तुम्ही तिला वाचतांना मध्येंच थांबविलेंत. ती 'म्हातारी'पर्यंत पोंचली होती, सर. आणखी थोडा वेळ दिला असता, तर 'निघाली'पर्यंत गेली असती."

ह्यावर मला बोलावयास कांहीं उरलें नाहीं. निरक्षर आईच्या शहाणपणाचें कौतुक करतां करतां मी तिची अडचण विसरलों होतों. तें पत्र दुपारपासून कोनाड्यांत पडून होतें. आई तें हातांत घेऊन बसली असेल आणि उलटें-सुलटें करून पाहत असेल. "घरीं ये, जें असेल तें वाटून खाऊं," हें तिला मुलाला कळवावयाचें होतें. पण लिहिणारा मी, आणि मला शाळेंत पत्राचा जो नमुना शिकविला होता त्यांत तें वाक्य बसेना. मीं "येथें सर्व खुशाल" असें लिहून दिलें. बहिणाबाईंनाहि लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरचे आप्त यांनीं त्यांच्या ओव्या कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्राला त्या वाचावयास मिळाल्या. घरीं लिहून घेणारें कोणी नसलेल्या अशा किती माउल्या ह्या खोऱ्यांतून मुक्यानें निघून गेल्या असतील! नुसती समज पुरत नाहीं. तिला अक्षराचा हात लागतोच.

त्या दिवशीं तास बाईंनींच घेतला. मी मागच्या बाकावर बसलों. वेळ संपत आली तेव्हां त्या मुलीनें मला विचारलें, "मंग घरना तिले काय बोलनात?" शेळी परत आणल्यावर घरचीं माणसें म्हातारीला काय म्हणालीं? मीं प्रांजळपणें सांगितलें, कीं मला ठाऊक नाहीं. बाई म्हणाल्या, "मग तूंच लिही." तिनें अहिराणींत सांगावयाचें, बाईंनीं फळ्यावर लिहावयाचें आणि तिनें तें वहींत उतरवून पुन्हां वाचावयाचें, असें ठरलें.

निघण्याच्या दिवशीं मी निरोप घेण्यासाठीं शाळेंत डोकावलों. ती वहीवर ओणवी होऊन लिहीत होती. पेन्सिलीवर बोटें घट्ट आवळलेलीं, ओठ अक्षराबरोबर हलत असलेले. मीं वही पाहूं म्हणून हात पुढें केला, तों तिनें ती छातीशीं धरली.

"अजून पुरी व्हयनी नही," ती म्हणाली.

ह्या खेपेस मीं तिला थांबविलें नाहीं.