ठाऊक असलेली गोष्ट

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें इतिहास, चरित्रें असें कांहीं भारदस्त वाचावें, अशी समजूत आहे. कादंबरी ही कॉलेजांतल्या पोरांची मिरास! परंतु यंदाच्या पावसाळ्यांत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पुन्हां हातीं आली, आणि माझे भारदस्त ग्रंथ मेजावर तसेच पडून राहिले.

१८९० सालीं ती ‘करमणुकीं’तून क्रमशः येऊं लागली, तेव्हां यमूचें पुढें काय होणार हें वाचकांस ठाऊक नव्हतें. मला वैधव्य ठाऊक होतें, केशवपनहि ठाऊक होतें. आणि मौज अशी कीं, त्यामुळेंच तिचे मुंबईंतले सुखाचे दिवस वाचतांना छाती धडधडूं लागली. विशींत हींच प्रकरणें मीं भराभर उलटलीं होतीं; सुखांत वाचावयाचें तें काय? आतां मात्र कृपणानें पैसा खर्चावा तशीं एकेक पान जपून वाचलीं. विधवांच्या स्थितीवर मीं वर्गांत व्याख्यानें दिलीं आहेत. आवाज कधीं कांपला नव्हता.

रघुनाथरावांच्या मृत्यूच्या बरेंच अलीकडे मीं खूण घालून पुस्तक मिटलें.

“संपली का?” घरांतून विचारणा झाली.

“नाहीं,” मीं म्हटलें, “दोघें अजून मुंबईंत सुखांत आहेत.”